दात मोजणारी

आधी चेहरा बघत नाही मी.
ग्रिम्सबीच्या दवाखान्यात बारा वर्षं
लोकांचे जबडे उघडून बसते,
हातात आरसा, तोंडाला मास्क,
मास्कच्या आत काय पुटपुटते ते कुणाला कळत नाही.
माणूस म्हणतो, सिगारेट सोडली.
दाढेची आतली बाजू म्हणते, कधी?
तेव्हा कॉफीला भेटलेला पुरुष हसला
की मी मोजते. सवय.

डेरेक. लॉऱ्यांचा धंदा, दोन घटस्फोट.
वरचे सगळे दात तुर्कस्तानातून करून आणलेले,
न्हाणीघराच्या फरश्या जशा,
दिवे गेले असते तर त्या उजेडात मेनू वाचला असता.
खालचे मात्र जुनेच. पैसे तिथवर पुरले नसावेत.
तो वरच्या ओळीने बोलत राहिला,
मी खालच्या ओळीचं ऐकत राहिले.

मग लिंकनचा ॲलिस्टर, इतिहास शिकवणारा.
दातांवर चहाचे थर, एक दात आडवा,
गर्दीत कोपर मारून उभा राहिल्यासारखा.
माणूस बरा होता.
पण डावीकडे दाढ पोखरलेली,
दुखत नाही म्हणाला
आणि सगळं सूप उजवीकडून प्यायला.
स्वतःच्या दुखण्याशी जो इतकं खोटं बोलतो
तो माझ्याशी किती बोलेल
हा हिशेब बिलाच्या आधी झाला.

मावशी फोनवर म्हणते,
अगं, दात काय बघतेस, दानत बघ.
पहिल्यांदा दानत बघूनच केलं होतं, मावशी.
तिचा एक्स-रे निघत नाही.

गंगाधर सोनटक्के.
समुद्रातल्या पवनचक्क्यांवर चढतो.
इथले लोक गँग म्हणतात, तो ओ देतो.
हसताना दर वेळी हात तोंडावर.
चिप्सवर व्हिनेगर ओतताना तेवढा खाली आला
आणि दिसले
तपकिरी पट्टे, मध्येमध्ये खडूचे ठिपके.
कीड नव्हे. घासून जात नाही.
ओळखायला आरसा लागला नाही मला.
किनवटकडचं पाणी ते.
लहानपणी गटागटा प्यायलेलं,
पुढे आयुष्यभर
प्रत्येक फोटोत ओठ मिटायला लावणारं.

तुमचे दात छान आहेत, तो म्हणाला.
मी थँक यू म्हटलं.

वरचे सहा. चार हजार पौंड, हप्त्याहप्त्याने.
पोर्सेलिनचं पापुद्र्याएवढं कवच.
रंग मीच निवडला होता,
फार पांढरा नको, खोटा वाटेल इतका नको.
आणि डेरेकला हसले होते मी,
मैत्रिणींना नक्कल करून दाखवली होती.

तिसऱ्या भेटीला क्लीथॉर्प्स. कान उपटणारा वारा,
वाळूवर सवारीची चार गाढवं.
याचंही वय दातांवरून सांगतात, मी म्हटलं.
काहीतरी बोलायला हवं होतं.
त्याने रॉकची गुलाबी कांडी आणली,
साखरेच्या आत लाल अक्षरांत गावाचं नाव,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
कुठेही मोडा, गाव निघतंच.

मी चावले.
कट्‌.
जिभेवर टरफल.
दातखीळ बसल्यासारखी बसून राहिले,
तो काय झालं, काय झालं विचारत होता.
मग म्हणाला, रोज मी ज्यांना म्हणते त्यांच्यासारखंच मला,
आ करा बघू.

केला.
ओहोटीचं पाणी पार लांब गेलेलं.
बराच वेळ पाहत होता.
हसला, आणि हात तोंडावर न्यायचा विसरला.
कोणत्या हापशाचं?

शाळेमागच्या, मी म्हटलं, बोबडी.
लाल रंग मारला होता नंतर त्याला.
आमचा देवळापाशी होता, तो म्हणाला,
माझ्या हातातली उरलेली कांडी घेतली
आणि दाढेखाली कडाकडा फोडली.